उलटी फांदी

टीका लिहिणाऱ्याने आरंभीच आपली लायकी सांगून टाकावी, म्हणजे वाचणाऱ्याची फसगत होत नाही. माझी लायकी थोडक्यात अशी: मॅट्रिकच्या पुढे मी शाळा शिकलो नाही, शिकवली मात्र पुष्कळ वर्षे, तीन कादंबऱ्या लिहिल्या, त्यांतल्या दोन छापून आल्या, आणि कॅमेरा हातात घेतला की माझा हात हलतो. एवढ्या भांडवलावर दोन वर्षांपूर्वी आमच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या एका गावी भरलेल्या पक्ष्यांच्या छायाचित्रांच्या प्रदर्शनात मला परीक्षक म्हणून बोलावणे आले. कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला सगळ्याच कलांतले कळते असा आपल्याकडे एक समज आहे. तो समज खोडून काढण्याइतका मी थोर नाही. नारळ घेतला, शाल घेतली आणि परीक्षकाच्या खुर्चीवर जाऊन बसलो.

आम्ही तिघे परीक्षक होतो. पहिले बक्षीस कोणाला द्यायचे यावर वाद असा झालाच नाही. एका छोट्या खंड्याचे चित्र होते. पुस्तकात त्याला धीवर म्हणतात. पाण्यातून नुकत्याच वर आलेल्या एका बुंध्यावर तो बसलेला. चोचीत चांदीसारखी चमकणारी मासळी, पाठीवर पाण्याचे दोन थेंब, मागे हिरवा रंग असा गुळगुळीत की जणू रेशमी वस्त्र ताणून बांधले आहे. चित्रात एक काडी अधिक नाही, एक पान उणे नाही. आम्ही तिघांनीही माना डोलावल्या. मी तर निकालाच्या कागदावर ‘निसर्गाचे निर्मळ दर्शन’ असा शेरा लिहिला. तो कागद अजून कुठेतरी असेल, याची मला अधूनमधून आठवण होते आणि बरे वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतली मुले प्रदर्शन पाहायला नेली. मुले ती मुलेच. घुबडापाशी हसली, मोरापाशी थांबली, बक्षिसाची पिवळी चिठ्ठी लावलेल्या चित्रापाशी गर्दी करून पुढे सरकली. एक मुलगा मात्र मागे राहिला. सातपुड्याच्या अक्राणी भागातला पावरा मुलगा, वर्गात बोलायला फारसा राजी नसणारा. तो खंड्याकडे पाहतच नव्हता. खंड्याच्या पायाखाली पाहत होता.

“गुरुजी, ही फांदी उलटी आहे.”

मी म्हटले, “उलटी म्हणजे?”

“डोळे खाली आहेत. डोळा पानाच्या वणाच्या वर असतो. इथे वणाच्या खाली आहे. आणि ही डहाळी बघा, खाली निघालीय. मोईची फांदी आहे. मोई पाण्यात कशाला येईल?”

मी परीक्षक. बक्षीस देऊन बसलेला. म्हटले, “वाऱ्याने मोडून लटकली असेल, त्याचे टोक पाण्यात गेले असेल.” त्याने माझ्याकडे जरा दयेने पाहिले. “मोडलेली नाही, गुरुजी. वर तिरका काप आहे. कोयत्याचा आहे.”

जवळ जाऊन पाहिले. काप होता. थोडा चिखल फासून मुरवलेला होता, पण होता. जाड बाजू वर, शेंडा खाली, अशी फांदी कोणीतरी तोडून तळ्याच्या चिखलात रोवली होती. जाड बाजूवर पक्षी ऐटीत बसतो म्हणून. मोईचा खुंट सरळ रोवला तर तो जगतोही. लोक कुंपणाला लावतात आणि पावसात त्याला पालवी फुटते. उलट्याला ती कुठून फुटणार! शिवाय पुढे भिंतीवर आणखी दोन चित्रे होती, एक सातभाईचे आणि एक बुलबुलाचे. आणि आता डोळे उघडल्यावर माझ्या लक्षात आले की त्या दोघांच्या पायाखालीही हीच फांदी होती. तोच काप, तीच खाली निघालेली डहाळी.

छायाचित्रकार सज्जन गृहस्थ होते. विचारले तर एका शब्दाने सांगून टाकले की होय, फांदी मी आणली, मी रोवली. चार दिवस पहाटे लपणात बसलो तेव्हा खंड्या आला. नंतर तीच फांदी उपटून घरामागच्या पाण्याच्या कुंडापाशी लावली. “आपण विचारलेच नाही,” ते हसून म्हणाले. हे अगदी खरे होते. नियमांत तसे कुठेही विचारलेले नव्हते आणि विचारण्याचे आम्हा तिघांना सुचले नव्हते. म्हणून या लेखात त्यांच्यावर माझा रोख नाही. रोख असलाच तर तो त्या शेऱ्यावर आहे.

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यात आहे. पक्ष्याला बसायला फांदी रोवली तर बिघडले कुठे?

पहिले उत्तर शेतकऱ्याचे. आमच्याकडे हरभऱ्यात आणि तुरीत घाटेअळी पडते, तेव्हा शेतकरी शेतात आडव्या काड्या बांधलेले खुंट रोवतो. त्याला पक्षिथांबे म्हणतात. कोतवाल, साळुंकी, नीलपंख येऊन बसतात, खाली झेप घालून अळ्या वेचतात, पुन्हा येऊन बसतात. कोणी हरभऱ्यात मधूनमधून ज्वारीचे दाणे टाकतो. ताटे वर आली की तेच जिवंत थांबे होतात. शेतीखातेही हे करायला सांगते. तेव्हा फांदी रोवणे हे मुळात पाप नाही. कोतवालाला त्या काडीशी घेणे आहे, काडी कोणी लावली याच्याशी नाही. खंड्याही असाच. पाण्यावर टेहळणीची जागा मिळाली की तो खूश. आमच्या परिसरात तर बिचारे पक्षी बसतात तरी कशावर? नंदुरबारहून सुरत-भुसावळ लोहमार्गाच्या कडेने कुठेही निघा. नीलपंख तारेवर, कोतवाल तारेवर, खाटीक तारेवर. गावाबाहेर मिरचीच्या पथाऱ्या लाल पसरलेल्या आणि वर तारेवर पक्ष्यांची ओळ, हे आमच्या हिवाळ्याचे खरे चित्र आहे. छायाचित्रकाराला ते नको असते. तार आली की चित्र बिघडले असे तो म्हणतो, आणि बिचारा नीलपंख जन्मभर ज्या तारेवर बसला तिच्यासह कचऱ्यात जातो.

दुसरे उत्तर आमच्या आजीच्या फोटोचे. पूर्वी तालुक्याच्या गावी फोटो-स्टुडिओ असे. मागे पडदा, पडद्यावर रंगवलेला ताजमहाल किंवा कमळांचे तळे, बाजूला तिपाईवर कागदी फुलांची फुलदाणी. आजीने ताजमहाल पाहिला नव्हता. तिच्या मनगटावरचे घड्याळही स्टुडिओचेच होते आणि ते बंद होते. पण तो फोटो खोटा असे घरात कोणी कधी म्हटले नाही, कारण पडदा पडदाच आहे हे पाहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते. काव्यातही तेच. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त कविसमय सांगितले आहेत. नदीत कमळे उगवत नसली तरी कवीने नदीत कमळे वर्णावी. कुठलेही जलाशय असो, त्यात हंस खुशाल पोहावे. हजार वर्षांपूर्वीचा हा पंडित कवींना फांदी रोवण्याची मुभा देतो आहे. मुभा देतो, पण ती उघड देतो, शास्त्रात लिहून देतो. वाचकाला ठाऊक असते की हे हंस गोदावरीतले नाहीत, कवितेतले आहेत.

छायाचित्राची अडचण इथे सुरू होते. ते कवितेसारखे दिसते आणि साक्षीदारासारखे बोलते. ‘मी तिथे होतो, हे असे होते’ एवढे एकच वाक्य त्याला येते. आमच्या बक्षिसाच्या खंड्याखाली गावाचे नाव होते, तारीख होती. जणू त्या तळ्याकाठी तसा बुंधा आहे आणि त्यावर खंड्या बसतो. म्हणजे स्टुडिओतला पडदा लावून वर पंचनामा लिहिला!

हे मी फार ताणतो आहे असे कोणाला वाटेल. दिवाळीच्या अंकात फराळाच्या ताटासमोर बसून फांदीच्या डोळ्यांची चौकशी कसली करायची! पण खोट्या बैठकीचे पुढे काय होते याची एक मोठी गोष्ट आमच्याच जिल्ह्यातली आहे, आणि ती आमच्याच लोकांना पुरती ठाऊक नाही.

गावातल्या पिंपळाच्या ढोलीत राहणारा पिंगळा सर्वांना माहीत आहे. त्याचा एक रानातला भाऊबंद आहे, रानपिंगळा. बांध्याने भरदार, पाय जाडजूड, डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, आणि दिवसाउजेडी हिंडणारा. १८७२ साली ब्लूइट नावाच्या अधिकाऱ्याला तो आजच्या छत्तीसगडच्या बाजूला मिळाला. पुढच्या वर्षी ह्यूमने त्याचे शास्त्रीय वर्णन छापले. नंतर जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने आपल्या खानदेशात, शहादे-तळोद्याच्या रानात, तो मिळवला. १८८४ नंतर पक्षी जो नाहीसा झाला तो झालाच. संग्रहालयांतून मोजून सात कातडी उरली आणि प्रत्येकाच्या पायाला एक चिठ्ठी: कुठे मिळाला, केव्हा, कोणाला.

पुढे रिचर्ड माइनर्ट्झहागेन या नामांकित इंग्रज पक्षिशास्त्रज्ञाच्या संग्रहात आणखी एक रानपिंगळा निघाला. त्याच्या चिठ्ठीवर गाव मांडवी, साल १९१४. ही मांडवी गुजरातेतली, आमच्याच तापीच्या खालच्या अंगाची. म्हणजे पक्षी विसाव्या शतकातही होता आणि तिथे होता! शोधणारे या चिठ्ठीवर विसंबले आणि हात हलवीत परत आले. मधल्या काळात रानपिंगळा म्हणून पुढे आलेला फोटोही निरखल्यावर साध्या पिंगळ्याचा निघाला. शेवटी अमेरिकेच्या पामेला रासमुसेन यांनी जुनी कातडी एकेक करून तपासली तेव्हा उलगडा झाला. माइनर्ट्झहागेनने ब्रिटिश संग्रहालयातले डेव्हिडसनचेच कातडे उचलले होते, ते उसवून पुन्हा भरले होते आणि त्याला आपल्या हाताने नवी चिठ्ठी बांधली होती. पक्षी खरा, पिसे खरी. बसवला मात्र भलत्या जागी. मला तर ही सरळ आमच्या तळ्यातली मोईची फांदी वाटते. फरक एवढाच की ती तोडून आणणारा सज्जन गृहस्थ नव्हता.

ती चिठ्ठी बाजूला काढून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांच्या मागे निघाले. आधी पूर्वेकडची रांगे पालथी घातली, तिथे काही मिळाले नाही. मग शहाद्याला आले. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी पायथ्याच्या रानात एका निष्पर्ण झाडावर बेन किंगला तो बसलेला दिसला. एकशे तेरा वर्षांनी. आपला जिल्हा तेव्हा जन्मालाही आला नव्हता. धुळ्यापासून तो वेगळा झाला १ जुलै १९९८ ला. पक्षी जिल्ह्याच्या आधी सापडला, याचे मला भारी कौतुक वाटते.

आता या गोष्टीतले ते निष्पर्ण झाड पाहा. पुढे फराह इश्तियाक, असद रहमानी, गिरीश जठार या अभ्यासकांनी तोरणमाळ-तळोद्याच्या रानांत या पक्ष्याचे जिणे पाहिले. विरळ सागाचे कोरडे रान, मोई, रोहण, काटेसावर अशा झाडांच्या ढोलीत घरटे, आणि सकाळच्या उन्हात उघड्या शेंड्यावर बसून खालचे सरडे नि उंदीर टेहळणे. म्हणजे ती वाळकी फांदी ही त्याची खुर्ची नाही, ती त्याच्या चरितार्थाची जागा आहे. कोणी हौशी माणसाने उद्या त्याला शेवाळलेल्या, फुलांनी लहडलेल्या फांदीवर बसवले तर चित्र देखणे होईल, आणि पाहणारा समजेल की या पक्ष्याला ओले, दाट रान लागते. मग कोरडे, विरळ, ‘भिकार’ दिसणारे रान तोडले तर याचे काय जाते, असेही तो समजेल. आमच्याकडे रान तुटते ते याच समजुतीने.

बाहेरच्या जगातही या प्रकरणावर मोठमोठे परीक्षक फसले आहेत, हे वाचून मला थोडा धीर आला. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र-स्पर्धेत २००९ साली कुंपणावरून उडी घेणाऱ्या लांडग्याला सर्वोच्च मान मिळाला. २०१० च्या आरंभी तो काढून घेतला; लांडगा बहुधा शिकवलेला, पाळीव आहे असे परीक्षकांचे मत झाले. २०१७ साली ब्राझीलमधल्या रात्रीच्या वारुळापाशी आलेल्या मुंगीखाऊला त्यांनी एक बक्षीस दिले आणि पुढच्या वर्षी परत घेतले, कारण तो पेंढा भरलेला असावा असे तज्ज्ञांनी सांगितले. दोन्ही छायाचित्रकारांनी आरोप नाकारले ही गोष्टही सांगितली पाहिजे. तिथे जनावरच संशयित होते. आमच्याकडे निदान खंड्या जिवंत होता.

मी म्हणतो तेवढे सोवळे पाळले तर चित्र निघणारच नाही, असे एका मित्राने मला ऐकवले. त्यात तथ्य आहे. उजेड कोणत्या बाजूने घ्यायचा, कोणती काडी चौकटीबाहेर ठेवायची, हेही रचणेच. मी स्वतः कोणत्या तोंडाने बोलू? माझ्या पहिल्या कादंबरीत नायिका माहेरी निघते तेव्हा पळस पेटलेला आहे आणि त्यावर पावशा ‘पेर्ते व्हा’ म्हणून ओरडतो आहे. पुस्तक वाचून एका शेतकऱ्याने मला रस्त्यात थांबवले. म्हणाला, “मास्तर, पळस शिमग्याचा आणि पावशा मृगाच्या तोंडाशी. तुमची बाई माहेरी गेली तरी केव्हा?” मी तो पावशा पळसावर रोवला होता. उलटाच रोवला होता.

तेव्हा माझी तक्रार रोवण्याबद्दल नाही, ती लपवण्याबद्दल आहे. आणि त्याहून अधिक, रोवणाऱ्याने न पाहिल्याबद्दल. त्याच तळ्याच्या काठची, त्या काठाला असणाऱ्या झाडाची, सरळ लावलेली फांदी असती आणि खाली ‘फांदी मी लावली’ अशी एक ओळ असती, तर मी पुन्हा तेच बक्षीस दिले असते. शेरा मात्र बदलला असता. आमच्या गृहस्थांनी चार पहाटे खंड्याकडे पाहिले. फांदीकडे त्यांनी तोडतानासुद्धा पाहिले नाही. पाहिले असते तर ती उलटी झाली नसती. टीकाकार म्हणून मला त्या चित्रातला हा दोष सर्वांत मोठा वाटतो, खोटेपणाहूनही मोठा. पक्षी तेवढा निसर्ग आणि बाकीचे सामान, ही त्यामागची दृष्टी आहे. एकच फांदी खंड्याला, सातभाईला आणि बुलबुलाला चालते, ती त्यामुळेच. तिन्ही चित्रे शेजारी लावली की पक्षी दुकानातल्या चिनी मातीच्या पक्ष्यांसारखे दिसू लागतात. रंग निराळे, बैठक एकच.

आणि काही गोष्टींना तर ‘मी केले’ असे लिहिल्यानेही माफी नाही. पूर्वी घरट्यापाशी लपण उभारून फोटो घेण्याची रीतच होती आणि मध्ये येणारी डहाळी छाटण्याला किंवा बांधून बाजूला करण्याला कोणी वावगे मानीत नसे. लोदरचे ‘अ बर्ड फोटोग्राफर इन इंडिया’ १९४९ सालचे. तो काळच निराळा. पण डहाळी गेली की ऊन पिलांवर येते आणि कावळ्याला घरटे दिसते. आता निसर्गाची काही नियतकालिके आणि स्पर्धा घरट्याची चित्रे घेतच नाहीत, ते ठीकच करतात. रानपिंगळ्याच्या रानात जाऊन त्याचीच मुद्रित हाक पुन्हापुन्हा वाजवायची, परका नर आला असे समजून तो धावत यावा आणि सोयीच्या फांदीवर बसावा, हाही त्यातलाच प्रकार. मुंबईत मांडव्याच्या बोटीमागे लोक समुद्रपक्ष्यांना फरसाण उधळतात आणि भरारीचे फोटो घेतात. त्या भरारीत शेव किती आणि समुद्र किती हे चित्र सांगत नाही.

गेल्या हिवाळ्यात मी आणि शाळेतली सहा मुले शहाद्याच्या वरच्या रानात गेलो. तो पावरा मुलगा पुढे. रानपिंगळा दिसला, वाळक्या मोईच्या शेंड्यावर, शेपटी झटकीत. एका मुलाने मोबाइलवर फोटो घेतला. त्यात पक्षी वाटाण्याएवढा आहे, त्याच्या तोंडावरून एक काडी आडवी गेली आहे, आणि पाऊण चित्र झाडानेच भरले आहे. वर्गात तो लावला आहे. खाली मुलांनी झाडाचे नाव, तारीख आणि वेळ लिहिली आहे. जागेचे नाव मी लिहू दिले नाही.

यंदा त्या प्रदर्शनाच्या अर्जावर एक नवी ओळ छापली होती: ‘चित्रात आपण काही आणले, लावले किंवा हलवले असल्यास लिहावे.’ खंड्याच्या त्याच गृहस्थांनी कोतवालाचे चित्र पाठवले होते. हरभऱ्याच्या शेतातल्या खुंटावर बसलेला, चोचीत अळी, मागे विजेच्या दोन तारा. ओळीपुढे त्यांनी लिहिले होते, ‘मी काही नाही. थांबा शेतकऱ्याचा आहे.’ चित्राला उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले. मी असतो तर पहिले दिले असते. पण यंदा मला परीक्षक म्हणून कोणी बोलावले नव्हते.